मनोहरभैयांचा डावा हात

मनोहरभैया आज सकाळी गेले. मी त्यांच्याशी जितकी भांडले, तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन.

ते सॉफ्टबॉलचे अंपायर. मी मुलींच्या टीमची कोच.

भैयांनी नोकरी रेल्वेत केली, घर पुरानी बस्ती मोहल्ल्यात, आणि नाकावर कायम राग. पण मला मैदानाबाहेर काढताना आवाज चढवायचे नाहीत.

"शुभा, जा. झाडाखाली बस."

की मी बडबडत झाडाखाली.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना आधी दोन गोष्टी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रनर फील्डरच्या आड आली तर इंटरफिअरन्स. अंपायर तिथल्या तिथे खेळ थांबवतो.

हातात बॉल नसलेली फील्डर रनरच्या वाटेत उभी राहिली तर ऑब्स्ट्रक्शन. इथे अंपायर खेळ थांबवत नाही. डावा हात बाजूला आडवा धरतो, मूठ बंद, आणि चालू देतो. सगळं संपलं की मग रनरला तिच्या हक्काचा बेस देतो.

आमच्या पेरेंट्सच्या लेखी दोन्ही एकच. धक्का.

रिटायर झाल्यावर भैयांना लकवा मारला. डावी बाजू गेली. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. हात मात्र हट्टी निघाला.

लोक म्हणाले, आता टेबलवर बसून स्कोअर लिहा. भैया कसले ऐकतात.

वहिनींनी तेव्हा मला फोनवर सांगितलं होतं, "आता घरचे कपडे तेच वाळू घालून राहिले. दोरीपर्यंत हात गेला पाहिजे म्हणतात. अर्धे कपडे खालीच पडतात, पण बोलायची सोय नाही."

मग जिल्ह्याची फायनल आली. जिंकणारी टीम राज्य स्पर्धेला जाणार होती. भैयांनी हट्टाने थर्ड बेसवरची अंपायरिंग मागून घेतली.

टेबलवर आयोजकांची कुजबुज सुरूच होती. "लकवे के बाद इनको खड़ा ही क्यों किया?" मी ऐकलं. बहुतेक भैयांनीही ऐकलं असावं.

शेवटची इनिंग. दोन आउट. आम्ही एका रनने पुढे.

समोरच्या टीमच्या बॅटरने बॉल लांब मारला. सेकंडवरची रनर थर्डला वळसा घालून होमकडे, रन पुरा करायला निघाली. माझी थर्ड बेसची खिलेश्वरी, अभनपुरची पोरगी, थ्रो कुठून येतोय ते बघत वाटेतच उभी. रनर तिला धडकली, अडखळली, सावरून धावली आणि होमवर आउट झाली.

माझ्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

भैया चालत मध्ये आले. "ऑब्स्ट्रक्शन. रनर होम."

एकच गोंधळ. "सर ने हाथ ही नहीं उठाया," माझ्या सगळ्या पोरी ओरडायला लागल्या. होमवरचा अंपायर तरुण होता, भैयांनीच शिकवलेला. त्याने अगदी हळू विचारलं, "सर, सिग्नल दिया था?"

"दिया था."

"किसी ने देखा नहीं, सर."

टेबलवरची दोन माणसं उठून मैदानात यायला लागली. ती कशासाठी येत होती ते सगळ्यांना कळत होतं. आज हा हात खोटा ठरला, की भैयांना पुन्हा कोणी उभं करणार नव्हतं.

आता खरं सांगते. हात होता.

सगळे बॉलकडे पाहत होते, मी भैयांकडे. इतकी वर्षं भांडून माझी नजर आधी त्यांच्याकडेच जाते. हात खांद्यापर्यंत गेला नव्हता. कमरेच्या थोडा वर जाऊन थरथरत होता. पण मूठ बंद होती, आणि खेळ संपेपर्यंत त्यांनी तो खाली येऊ दिला नाही.

मी उठले. लोकांना वाटलं, आता ही तोंड वाजवणार.

म्हटलं, "हात होता. मी पाहिला."

खिलेश्वरी माझ्याकडे बघतच राहिली. "मैडम, हम जीत गए थे."

"हव," मी तिच्याच बोलीत म्हटलं. "पन तोर करा बॉल नइ रिहिस." बॉल तिच्या हातात नव्हताच.

रन दिला. बरोबरी झाली. पुढच्या बॅटरने हिट मारला आणि आम्ही हरलो. परतीच्या गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही.

भैयांनी आभार मानले असतील असं वाटत असेल तर तुम्ही त्यांना ओळखत नाही. मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना म्हणाले, "तुले कोणी विचारलं होतं?"

"कोणी नाही. पण हात होता ना?"

"होता. पण हरणाऱ्या कोचनं साक्ष दिल्यावर ज्याचा कॉल उभा राहते, त्यानं घरी बसावं."

आणि खरंच घरी बसले. पुन्हा एकही मॅच घेतली नाही.

मला भयंकर राग आला. मी माझ्या पोरींची फायनल घालवली, कशासाठी? हा माणूस घरी कपडे वाळत घालणार, यासाठी? बरेच महिने मी त्यांच्याकडे फिरकले नाही. नंतर जायला लागले, पण त्या दिवसाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

आज दुपारी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनी शांत होत्या. मला जवळ बसवलं.

म्हणाल्या, "आला-गेला कोणीही असो, तुमचे भैया त्याले हेच सांगत. माहा हात वर गेला होता. खोटं वाटत असेल तर शुभाले विचारा."

भैयांनी हे माझ्यासमोर एकदाही म्हटलं नव्हतं.

मला विचारायला कधी कोणी आलं नाही. म्हणून आज न विचारताच सगळ्यांना सांगते.

हात वर गेला होता. मी पाहिला. कॉल बरोबर होता.

भैया, तुमच्या भांडकुदळ कोचचा नमस्कार घ्या.