रॉकेटला बाहेरून कडी

त्या वर्षी रशियानं आकाशात कृत्रिम चंद्र सोडला आणि लोरीन हॅस्केटच्या हातून एकही काम सलग होईना. ॲपल पायचं पीठ मळायला घ्यायची आणि पिठाच्या हातांनीच मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची. उजाडायच्या आधी, ओहायोच्या त्या सपाट, मका कापून नेलेल्या शेतांवरून एक ठिपका सरकत जायचा. तो दिसला तरी तिला चैन नसे, न दिसला तरी नसे.

"तो गोल फिरतोय, लोरीन," तिचा नवरा ऑरिन खिडकीतून म्हणायचा. "परत इथंच येणार आहे. अंडी मात्र गार झाली की झाली."

ऑरिन गावच्या धान्यकोठारावर हिशेबनीस होता. मोजकं बोलणारा आणि बायकोचं एक गुपित वर्षानुवर्षं पोटात ठेवणारा. कार्व्हर गावाला लोरीन ठाऊक होती ती मेथडिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणारी, पन्नाशी उलटलेली, जरा धांदरट बाई म्हणून. तिच्या शिवणखोलीतलं यंत्र टाइपरायटर आहे आणि देशभरच्या शाळकरी मुली पांघरुणात लपून वाचतात ती विनी टॉलिव्हरच्या हेरगिरीची पुस्तकं त्याच्यातून बाहेर पडतात, हे फक्त ऑरिनला ठाऊक होतं. पुस्तकांवर नाव असायचं एडिथ लेनचं. एडिथ लेन नावाची बाई अस्तित्वातच नव्हती. न्यूयॉर्कची एक कंपनी दर पुस्तकाचा आराखडा पाठवायची, लोरीन त्यावर पुस्तक उभं करायची, आणि ते आपण लिहिलं असं कुणाला सांगायचं नाही अशी अट होती. सांगितलं, तर विनी दुसऱ्या कुणाच्या हाती जायची. एका लेखकानं न्हाव्याच्या दुकानात फुशारकी मारली आणि त्याची मालिका गेली, हे तिला कंपनीच्या मिस टेव्हनरनंच एकदा सांगून ठेवलं होतं.

लोरीनला मूलबाळ नव्हतं. विनी होती. लोरीनचे केस पिकले, विनी अठराचीच राहिली.

या पुस्तकांची एक रीत होती. भूत असलं, तर शेवटी तो कंदील घेतलेला एखादा लफंगा निघायचा. धडा संपताना कुणाचा तरी पाय जमिनीवरून सुटलेला असायचा. आणि पुस्तकात एकदा तरी विनीला कुणीतरी कोंडायचंच: तळघरात, पेटाऱ्यात, दीपगृहात, एकदा तर सर्कशीतल्या अस्वलाच्या गाडीत. सभ्य मुलगी आपण होऊन भलत्या ठिकाणी शिरत नाही. कोंडली गेली, तर तिचा काय दोष?

रशियाचा चंद्र उडाला तशा कंपनीला रॉकेटंच रॉकेटं हवी झाली. लोरीनला आराखडा आला. रॉकेटच्या तळावर हेर शिरतात, विनी त्यांना पकडून देते, आणि शेवटी तिच्या मैत्रिणीचा भाऊ टेड रॉकेटमधून आकाशात जातो. विनी कुंपणापाशी उभी राहून रुमाल हलवते.

लोरीननं आराखडा वाचला आणि धुतलेल्या बश्या पुन्हा धुवायला घेतल्या.

"टेड," ती ऑरिनला म्हणाली. "मागच्या पुस्तकात ज्याला होडी वल्हवता येत नव्हती, तो टेड."

"रॉकेटला वल्ही नसतात," ऑरिन म्हणाला.

नोव्हेंबरात रशियानं दुसरा चंद्र सोडला, आत एक कुत्री बसवून. त्या दिवशी लोरीन गावाच्या टोकापर्यंत चालत गेली आणि पोस्टात टाकायचं पाकीट हातात तसंच घेऊन परत आली.

"कुत्रीला नेलं त्यांनी," ती दारातच म्हणाली. "आणि माझी पोरगी रुमाल हलवणार."

"कुत्री परत यायची नाही म्हणतात."

"मला माहीत आहे, ऑरिन. म्हणून तर झोप येत नाही."

उपाय सुचला तो कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या, तिनं बाहेरून कडी घातली, आणि हात कडीवरच राहिला. दाण्याचं टोपलं तिथंच टाकून ती घरात धावली आणि फोन उचलला.

एरवी ती असं करत नसे. कार्व्हरमध्ये एकाच तारेवर सहा घरं होती. फोन वाजला की तो कुणाच्या घरचा ते घंटेवरून सगळ्यांना कळायचं, आणि उचलायचा नसताना कोण उचलतंय तेही सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या हल्डा क्रिमनं फोन उचलला की तिच्या भिंतीवरच्या घड्याळाची टकटक तारेवर यायची. लोक बोलता बोलता मध्येच म्हणायचे, "गुडघा कसा आहे, मिसेस क्रिम?" आणि टकटक बंद व्हायची. त्यात कुणाला राग नसे. न्यूयॉर्कशी बोलायचं असलं की लोरीन धान्यकोठारावर जायची, तिथला फोन स्वतंत्र होता. पण कोठार बंद झालं होतं, आणि तिला सकाळपर्यंत थांबवत नव्हतं.

"मिस टेव्हनर, मुलीलाच वर पाठवायचं," ती म्हणाली. "नाही, तिला आधी काही कळू द्यायचं नाही. ती आत शिरते ते चोरीचे कागद शोधायला. तो परदेशी माणूस बाहेरून कडी घालतो. मुलगी आत आहे हे तळावर कुणालाच ठाऊक नसतं. आणि शुक्रवारी रॉकेट उडतं."

पलीकडून मिस टेव्हनर काय म्हणाली ते राहू द्या. लोरीन इतकी तापलेली होती की घड्याळाची टकटक तिच्या कानावर पडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेरीफच्या पोलीस कचेरीतला ड्वेन यूटसी दारात आला. कधीकाळी तो तिच्याच रविवारच्या शाळेत होता. टोपी काढून हातात घेतली होती, पण आत आल्या आल्या त्यानं पडद्यामागे पाहून घेतलं.

"मिसेस हॅस्केट, तुमच्या घरात कुणी मुलगी आहे का?"

"नाही, ड्वेन. का?"

"कोंडून ठेवलेली नाही ना?"

लोरीनचा हात पिठातच थांबला.

"कुणीतरी ऐकलंय म्हणे," तो ओशाळून म्हणाला. "कोण ते मी सांगणार नाही. परदेशी माणूस, रॉकेट, शुक्रवार. मला तळघर बघावं लागेल. आणि टोलेडोहून वरचे साहेब येतील. ते तारेवरून न्यूयॉर्कपर्यंत चौकशी करतील."

त्यानं तळघर पाहिलं, खुराडंही पाहिलं. लोरीन त्याच्या मागे मागे फिरत होती. गप्प राहावं तर चौकशी न्यूयॉर्कला जाणार. बोलावं तर गावाला कळणार. दोन्हीकडून विनी जात होती. त्यातल्या त्यात गाव जवळचं, आपलं. तिनं त्याला शिवणखोलीत नेलं आणि टाइप केलेली पानं पुढ्यात ठेवली.

ड्वेननं उभ्या उभ्या वाचायला घेतलं. मग खुर्चीच्या कडेवर टेकला. मग नीट बसला.

"विनी टॉलिव्हर," तो म्हणाला. "माझ्या बहिणीकडे सगळी आहेत. अस्वलाची गाडी... ते तुम्ही?"

"ड्वेन, हे कुणाला कळता कामा नये."

"छे, मी बोलतोय कुणाजवळ. पुढचं पान कुठंय?"

"अजून लिहायचंय."

त्यानं शब्द पाळला, पण आपल्या आईला वगळून. रविवारी चर्चमध्ये लोरीननं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि तिला मानेवर डोळे जाणवले. दारापाशी तीन मुली तिच्याकडे अशा बघत राहिल्या, की तिनं आपला कोट उलटा तर घातला नाही ना ते पाहून घेतलं. तालुक्याच्या साप्ताहिकात एका कोपऱ्यात चार ओळी आल्या: 'कार्व्हरमधील रॉकेटचा कट निघाला कागदी'. नाव नव्हतं. पण मुलींसाठी गोष्टी लिहिणारी एक गृहिणी असं म्हटलं होतं, आणि देशभरच्या वर्तमानपत्रांतली कात्रणं जमवून कंपनीकडे पाठवणारी माणसं होती.

सोमवारी हल्डा क्रिम कुंपणापाशी आली, हातात बीटच्या लोणच्याची बरणी.

"मी ऐकत नव्हते," ती म्हणाली. "फोन उचलला आणि तू बोलत होतीस. मी काय कान कापून ठेवू?"

"नाही, मिसेस क्रिम."

"पोरीला कोंडतायत म्हटल्यावर माणूस काय करेल? त्यात ती कुत्री गेलेली. मला रात्रभर तीच दिसत होती, तुझ्या तळघरात."

"तुम्ही योग्यच केलंत." लोरीननं बरणी घेतली. ती उगाच या हातातून त्या हातात जाऊ लागली. "फक्त एवढंच, की गावाला कळलंय असं न्यूयॉर्कला समजलं, तर विनी माझ्याकडून काढून घेतील."

हल्डा तिच्याकडे बघत राहिली. "काढून म्हणजे? ती तर तुझीच."

"तशी नाही."

"हं," हल्डा म्हणाली आणि गुडघा सांभाळत परत गेली.

त्यानंतरचे दिवस लोरीननं फोनभोवती काढले. झाडू मारायची तो फोनच्या खोलीत. कपाटं आवरायची ती फोनच्या खोलीतली. पानं पुढे सरकत नव्हती. विनी रॉकेटमध्ये कोंडलेली, आणि रॉकेट तळावर उभं. "एक तर तिला उडव, नाही तर बाहेर काढ," ऑरिन म्हणाला. "मलाच गुदमरायला होतंय."

आणि एका दुपारी हॅस्केटांची घंटा वाजली, दोन लांब, एक आखूड.

"मिसेस हॅस्केट," मिस टेव्हनरचा आवाज आला. "माझ्यासमोर एक कात्रण आहे."

लोरीन खुर्चीत बसली आणि लगेच उठली. तारेवर टकटक येत होती. टकटकीच्या मागे कुणाचं तरी रडणारं बाळ, कुठं रेडिओ, कुठं चुलीवरची किटली. सहाही घरं तारेवर होती. सगळे श्वास रोखून होते, आणि एवढ्या माणसांचा रोखलेला श्वास चांगलाच ऐकू येत होता.

"मी सरळच विचारते," मिस टेव्हनर म्हणाली. "तुम्ही काय लिहिता हे तुमच्या गावात कुणाला माहीत आहे?"

लोरीनला आयुष्यात धड खोटं बोलता आलं नव्हतं. विनीलाही ती कधी खोटं बोलू देत नसे, हेरांशीसुद्धा. तिनं तोंड उघडलं.

"कोण, लोरीन?" तारेवरून हल्डा क्रिम म्हणाली. "ती आणि लेखिका?"

"कोण बोलतंय?" मिस टेव्हनरनं विचारलं.

"शेजारीण. बाई, तुम्ही कुठून बोलता ठाऊक नाही, पण ही सामाईक तार आहे. लोरीन रविवारच्या शाळेच्या पोरांसाठी गोष्टी रचते. रॉकेट स्वर्गापर्यंत जातं, तिथं एक देवदूत भेटतो आणि भाज्या खा म्हणून सांगतो. फार कंटाळवाण्या. आम्ही चर्चसाठी ऐकून घेतो."

"माझा मुलगा तर झोपला होता," ड्वेनची आई म्हणाली.

"शेरीफचा माणूस तीच वाचून जांभया देत गेला," तिसऱ्या घरातून कुणीतरी.

लोरीननं कपाळ भिंतीला टेकलं. हल्डा क्रिम कडक लुथरन पंथाची होती आणि खोटं बोलायची नाही. घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं तरी तिला अपराध्यासारखं व्हायचं.

मग मिस टेव्हनर खाकरली. "ठीक आहे. मिसेस हॅस्केट, तुमच्या त्या... रविवारच्या गोष्टीबद्दल. कडी बाहेरून लागली असेल, तर मुलगी वर जायला हरकत नाही. पण ती परत यायला हवी, आणि केस विस्कटता कामा नयेत."

फोन ठेवल्याचा आवाज झाला. न्यूयॉर्क गेलं, बाकी कुणी गेलं नाही.

"मिसेस क्रिम," लोरीन म्हणाली.

"ते राहू दे. कंटाळवाण्या म्हटलं ते मनाला लावून घेऊ नकोस. आणि ती पोर?"

"ती उडते. पृथ्वी गोल दिसते तिला, खिडकीतून. आणि मग परतीची दोरी ओढते, तर ती हातात तुटून येते."

"मग?"

"मग धडा संपतो, मिसेस क्रिम."

"असा कसा संपतो," हल्डा म्हणाली. मागे बाळ रडायचं थांबलं होतं, रेडिओ कुणीतरी बंद केला होता. कुणीच फोन ठेवला नाही.

लोरीननंही ठेवला नाही. तिनं रिसीव्हर टेबलावर तसाच उताणा ठेवला, शिवणखोलीचं दार सताड उघडलं आणि यंत्रावर कोरा कागद चढवला.