आतून लावायची खिट्टी

भिकन भोये तीस वर्षं पेट्या बनवतो आहे. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये विजेच्या पॅनलसाठी लागणाऱ्या पत्र्याच्या पेट्या. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग मारायचं, रंग द्यायचा. त्याच्या पेटीत पाणी शिरत नाही आणि पालही शिरत नाही, असं त्याचे मालक गिऱ्हाइकांना सांगतात. ही हकीकत मात्र त्याच्या बायकोची, संध्याची आहे. भिकनला पुढे आणावं लागतं, कारण संध्याला स्वतःबद्दल विचारलं की चौथ्या वाक्याला ती सासूबद्दलच बोलायला लागते.

सासू म्हणजे ठमाबाई. माहेर पेठच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर. चार वर्षांपूर्वी त्या मोरीत पाय घसरून पडल्या, खुब्यात सळई बसली. तेव्हापासून गुडघे मुडपत नाहीत, आणि लघवीची घाई झाली की थांबता येत नाही. घरी त्यांचं नीट चाललं होतं. कमोड होता, भिंतीला भिकनने दांडा बसवला होता. पण त्याच वर्षी दिंडोरीला नात्यातल्या लग्नात मांडवातच त्यांचं पातळ भिजलं. पंगतीतल्या एका बाईने नाकाला पदर लावला. घरी आल्यावर ठमाबाईंनी बाहेर जायची दोन्ही पातळं संध्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही तू नेस आता."

त्यानंतर त्या उंबऱ्याबाहेर पडल्या त्या फक्त दवाखान्यासाठी. माहेरचा एकच माणूस उरला होता, धाकटा भाऊ गोटीराम. आई लवकर गेली म्हणून ठमाबाईंनी त्याला पाठीवर बांधून वाढवलेलं. तो दर दिवाळीला नागलीचं पीठ आणि चटणीसाठी खुरासणी घेऊन नाशिकला यायचा, दोन दिवस बहिणीजवळ बसायचा. गेल्या वर्षी तो आंब्यावरून पडला. पायात प्लेट बसली, एसटीच्या पायऱ्या चढणं संपलं. आता भावाला येता येईना आणि बहिणीला जाता येईना. त्याच्या घरचा संडास उतारावर, पन्नास पावलं खाली, उकिडवं बसायचा. फोनवर दोघं एकमेकांना जेवलास का, जेवलीस का, एवढंच विचारायची आणि मग बराच वेळ कुणीच फोन ठेवायचं नाही.

संध्या हे रोज ऐकत होती. एके दिवशी तिने भिकनला सांगितलं की आईंना तिकडे न्यायचं असेल तर त्यांचा संडास बरोबर न्यावा लागेल. ती हे कंटाळून बोलली होती. भिकनने ते कामाची ऑर्डर मिळावी तसं घेतलं.

त्याचा मित्र योगेश केटरर आहे. पातेली, शेगड्या वाहायला त्याच्याकडे जीपच्या मागे जोडायची पत्र्याची बंद ट्रॉली होती. त्याने टेम्पो घेतल्यावर ती अंगणात पडूनच होती. भिकनने मागितली, त्याने दिली, वर म्हणाला की न्यायच्या दिवशी जीपही माझीच ने. योगेशचं नाव निघालं की संध्या आजही हातातलं काम थांबवून त्याचे उपकार सांगते.

ट्रॉली दारात आली तेव्हा तिला दहा वर्षांच्या तळणाचा वास होता. संध्याने सोडा घातलेल्या गरम पाण्याने तीनदा घासली, मग लिंबाच्या साली चोळल्या. मुलगी दीपमाला कॉलेजात आहे. परदेशातले लोक अशा गाड्यांतून घर घेऊन कसे फिरतात, याचे व्हिडिओ ती बापाला दाखवायची. त्यातला ओव्हन आणि पुस्तकांचं कपाट सोडून बाकी भिकनने दोन महिन्यांत सगळं केलं. आतून थर्माकोल आणि प्लाय, भिंतीला घडी होणारे दोन पलंग, गॅसची एक शेगडी, टपावर पाण्याची टाकी, दोन खिडक्यांना जाळ्या. मागच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली, तिच्यात कमोड, आणि त्याच्याखाली ओढून रिकामी करता येईल अशी टाकी. आरटीओचे कागदही झाले. चालत्या ट्रॉलीत कुणी बसायचं नाही, ही अट त्याने दीपमालाकडून मोठ्या अक्षरात लिहून घेऊन दारावर चिकटवली.

कमोडच्या उंचीसाठी आईचं माप हवं होतं. ती दुपारी आडवी पडली असताना तो टेप घेऊन टाचेपासून गुडघ्यापर्यंत मोजायला गेला. ठमाबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "बांबू कितीचा आणतोस?"

"सतरा इंच," भिकन म्हणाला. आई तिरडीचं बोलते आहे हे त्याला कळलंच नव्हतं. संध्या स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.

निघायच्या आधी दारातच सगळं तपासलं. दीपमाला पलंगावर उड्या मारून आली. ठमाबाई वॉकरने दाराला लावलेल्या उतरत्या पाट्यावरून आत चढल्या, दांडा धरून कमोडवर टेकल्या, उठल्या. वापरून बघा म्हटल्यावर म्हणाल्या, घर पाच पावलांवर असताना ट्रॉलीत कशाला.

नोव्हेंबरात निघाले. ठमाबाई जीपमध्ये पुढे बसल्या, त्यांच्याशेजारी संध्या. सावळघाट चढून वर आल्यावर त्यांनी संध्याच्या हातावर दोन बोटं टेकवली. लघवीला जायची ही त्यांची घरातली खूण. भिकनने एका चहाच्या टपरीपलीकडे मोकळ्या जागेत गाडी घेतली. टपरीवर सात-आठ माणसं होती आणि चाकावरचं घर बघायला सगळ्यांनी माना वळवल्या होत्या. ठमाबाई पाट्यावरून चढल्या, कोपऱ्यातल्या खोलीत शिरल्या, दार ओढलं. मग दार परत उघडलं.

"कडी कुठं हाय?"

भिकनने दारावर आतून हात फिरवला. पत्रा गुळगुळीत होता. कुलूप बाहेरून होतं, तिकोनी किल्लीने फिरवायचं, पॅनलच्या पेटीला असतं तसं. पेटीच्या आत कुणी राहत नाही, त्यामुळे आतून कडी लावायची वेळ त्याच्यावर तीस वर्षांत आली नव्हती.

"मी बाहेरून लावतो, आये," तो म्हणाला.

"मला कोंडतोस? आन् ते सगळे बघतात तिकडून." ठमाबाईंनी वॉकर वळवला. "गाडी फिरव. घरी चल."

भिकनचा चेहरा बघवत नव्हता. दार आपोआप घट्ट बसतं, असं तो सांगत राहिला. ठमाबाईंना दाराशी देणंघेणं नव्हतं. दिंडोरीच्या मांडवात लोकांच्या नजरा अडवायला त्यांच्याजवळ कडी नव्हती. आज ट्रॉली मागे फिरली असती तर त्या पुन्हा निघाल्या नसत्या, हे संध्याला त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं. वेळही नव्हता.

तिने नवऱ्याला टपरीवर पिटाळलं. "चहा घ्या. त्या माणसांना ट्रॉली कशी बनवली ते सांगा. हाक मारेपर्यंत इकडे बघायचं नाही, आणि त्यांनाही बघू द्यायचं नाही." मग पिशवीतून आपला जादा परकर काढला, त्याची नाडी ओढून घेतली. कुलपाशेजारी वायरीसाठी पाडावं तसं एक भोक भिकनने सवयीने पाडून ठेवलं होतं. तिने नाडी त्यातून ओवली, बाहेर जाड गाठ मारली आणि दुसरं टोक सासूच्या हातात दिलं.

"हे ओढून धरा. तुम्ही सोडल्याशिवाय दार उघडणार नाही. आणि मी बाहेर पाठ लावून उभी आहे."

दार लागलं. संध्या पाठ टेकून उभी राहिली.

"हायेस का?" आतून आवाज आला.

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा, "हायेस?"

"आहे हो आई."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. टपरीवर भिकन हातवारे करून वेल्डिंग समजावत होता आणि सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. ठमाबाई बाहेर आल्या, नाडीची गुंडाळी करून संध्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चल. गोट्या वाट बघत असंल."

पाड्यावर पोचल्यावर भावाबहिणीने फारसं काही केलं नाही. गोटीराम ओट्यावर प्लेटचा पाय लांब करून बसला होता. ठमाबाईंची खुर्ची त्याच्याशेजारी ठेवली. त्याने तिचा हात घेतला आणि जेवलीस का विचारलं. एवढंच.

दुपारी नागलीची भाकर, खुरासणीची चटणी झाली. मग गोटीराम काठी टेकत ट्रॉली बघायला आला. त्याने पलंग उघडून पाहिला, टाकी वाजवून पाहिली. दाराच्या भोकाशी अडकलेले नाडीचे दोरे दिसले तेव्हा हे काय म्हणून विचारलं. ठमाबाईंनी सगळं सांगितलं, बांबूपासून नाडीपर्यंत. सांगताना त्या हसायला लागल्या आणि हसून हसून पदराने डोळे पुसू लागल्या. चार वर्षांत त्या असं हसल्याचं संध्याने पाहिलं नव्हतं.

"भाच्या," गोटीराम म्हणाला, "एवढं मोठं घर बांधलंस आन् माणूस आत ऱ्हातं हेच इसरलास."

त्याने जुन्या दाराचा सागाचा तुकडा मागवला, कोयता आणि कानस घेतली आणि बसल्या जागी एक खिट्टी घडवली. त्याच्या घराच्या दाराला आहे तशीच, मधे स्क्रू मारून आडवी फिरवायची. भिकनने ती आतून बसवली. ठमाबाई आत गेल्या, खिट्टी फिरवली. कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही हाक मारली नाही. तीन दिवस राहून सगळे परतले. निघताना पुढच्या वेळी पावसात, भाताच्या आवणीला यायचं ठरलं.

भिकनने वर्कशॉपमधून स्टीलची कडी आणली होती. ती अजून डब्यातच आहे. चार गुळगुळीत पत्र्यांमध्ये ते सागाचं लाकूड चांगलं दिसत नाही, पण काढायला ठमाबाई देत नाहीत.

ट्रॉली आता भोयेंच्या दारात उभी असते. दुपारी तीनला भांडी आवरली की संध्या चहाचा कप घेऊन तिच्यात जाते. खिट्टी कोपऱ्यातल्या खोलीला होती तशीच एक गोटीरामने मोठ्या दारालाही करून दिली होती. ती ठमाबाईंनी मागून घेतली होती, ते संध्याला परत आल्यावर कळलं. चार वर्षं ठमाबाई कुठे गेल्या नव्हत्या, तशी तीही गेली नव्हती. हे गल्लीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तिच्या स्वतःच्याही नाही.

ती आत असली की ठमाबाई खुर्ची ओढून ट्रॉलीच्या दाराशी बसतात. परवा भिकन लवकर घरी आला आणि शर्ट कुठे आहे म्हणून हाका मारू लागला.

"आत हाय ती," ठमाबाई म्हणाल्या. "खिट्टी लावलीय. शर्ट तुझा तू शोध."