माशांची वाटणी

गावात मी तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होतो, आणि त्या काळात एकच संसार मी स्वतःच्या हातानं मोडला. तो माशांचा होता.

सूनबाई प्रज्ञा खामगावची. लग्नानंतर मोताळ्याला येताना तिनं काचेची टाकी आणि त्यात सिक्लिड जातीचे दोन मासे, एक नर, एक मादी, आणले. (आमच्या हिनं त्यांनाही ओवाळून घरात घेतलं.) पोरगी गुणी, पण 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलायची नाही. टाकीजवळ बसली की तेवढा चेहरा खुलायचा. तिला हे घर परकं वाटतंय, याची मला फार टोचणी होती. म्हणून ती माहेरी निघाली तेव्हा मीच म्हटलं, "मासे माह्याकडं लागले. तू बिनघोर जाय."

दुसऱ्या दिवशी पाहतो तर दोघांनी एकमेकांची तोंडं पकडलेली! ओढाताण काय, शेपटीचे फटके काय, नुसती थरथर. सुटले की दोघंही तळाचे खडे उकरायला लागायचे. मी लगेच ओळखलं, हा बांधाचा वाद. असले कितीतरी वाद मी चहा पाजून मिटवले होते.

"अहो, काऊन हात घालून राह्यले त्यायच्यात?" ही म्हणाली.

"एखादा मरून गेला तं प्रज्ञाले काय तोंड दाखवू?"

मी टाकीच्या मधोमध काच उभी केली. अर्धी त्याची, अर्धी तिची, दाणे समसमान. (या कामी बोटाला कडकडून चावा बसला. अध्यक्षाला एवढं सोसावं लागतं.)

पण पक्षकारांना निकाल मान्य नव्हता. दोघं काचेच्या दोन बाजूंना तोंडं लावून बसली. दाण्यांना शिवेनात, नराचा तर रंगच उतरला. माझ्याही घशाखाली भाकर उतरेना. शेवटी फोन लावला.

"प्रज्ञा, तुहे मासे लय भांडत होते. म्या वाटणी करून देली. आता दोघंबी जेवत नाहीत."

"कसे भांडत होते, मामाजी?"

मी सगळं सांगितलं. आणि ती जी हसत सुटली! तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"बाबा, भांडण असतं तं एकजण कोपऱ्यात दडला असता, त्याचे पंख फाटले असते. ते एकमेकाचा जोर पाहून राह्यले होते, जोडी जमवाले. खड्डा पिल्लांसाठी होता. तुम्ही ऐन लग्नात मधात उभे राह्यले! काच काढा पहिले."

काच मी काढली, पण कानात 'बाबा' घुमत होतं. एका फोनमध्ये मामाजीचा बाबा झालो होतो.

आता टाकीत पिल्लांचा गोंधळ आहे आणि घरात प्रज्ञाच्या गप्पांचा. बहुतेक गप्पा माझ्या निवाड्याच्याच असतात, पाहुण्यांना चहाआधी ऐकवल्या जातात. ऐकवू देत. मला महिनोन्‌महिने जमलं नाही ते त्या दोन जिवांनी केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तेही मला विसरलेले नाहीत. मी टाकीजवळ खुर्ची ओढली की नवराबायको एकजुटीनं माझ्या अंगावर धावतात, काचेवर थडाथड तोंडं आपटतात.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा बरं," प्रज्ञा म्हणते. "तुम्ही उठले का तंटा मिटते."


मी खुर्ची घेऊन ओसरीवर जातो. माझ्या कारकिर्दीत इतक्या झटपट मिटलेला तंटा दुसरा नाही.