टायफॉईड झाला होता

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, बाईला तर नाहीच – बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आता लपवायचाही कंटाळा आलाय, म्हणून तुम्हाला सांगते.

मी चंद्रपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बाई घुग्घुसला असते, भाऊजी कोळसा खाणीत. तिला सांधेवात. आमचं माहेर तळ्यातल्या मासेमारीवर जगणारं. जाळं विणण्यात बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याच बोटांत पुढे चहाचा कप टिकेना. नागपूरच्या डॉक्टरांनी नवी गोळी द्यायचं ठरवलं, तेव्हा म्हणाली, "हे गोळी करते काय, सांग ना व मले."

सांगितलं. काय तोऱ्यात सांगितलं! रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाची राखण. त्यांच्यात एक एंझाइम असतं, ते प्रथिनांना फॉस्फेटचा बारीक तुकडा चिकटवतं. चिकटला की पेशीला हुकूम – वाढ, जागी हो, लढ. तुझ्यात हा हुकूम थांबतच नाही, राखणदारच घर फोडताहेत. गोळी त्या एंझाइमला अडवते.

"मंग खरा चोर आला तं?" बाईनं विचारलं. मी हसले.

डॉक्टरांनी तेच विचारलं, वेगळ्या शब्दांत – घरात कुणाला टीबी झाला होता का? असेल तर आधी त्याचं औषध, गोळी नंतर. बाईची तपासणी स्वच्छ होती; पण अशी तपासणी कधी चुकते, जंतू अंगात वर्षानुवर्षं निजून राहतो, हे मला पाठ होतं. बाईला आठवत होता फक्त माझा टायफॉईड.

कसला टायफॉईड? होस्टेलवरून खोकत आले होते मी. टीबीच होता. लग्न जुळणार नाही ही धास्ती – म्हणून आई सोडून साऱ्यांना टायफॉईड सांगितला. बाई माझ्या उशाशी निजायची, पेज भरवायची. आणि त्या दिवशी दवाखान्यात शेजारी कोण? माझा नवरा. दोन मुलं झाल्यावर काय केलं असतं त्यानं? बहुतेक काहीच नाही. तरी मी म्हणाले – "नाही, कुणालाच नाही."

गोळी सुरू झाली, सूज उतरली. बाई पुन्हा जाळं घेऊन बसली. मग ताप, खोकला, रक्त. गोळी बंद झाली. टीबी बरा झाला, पण फुप्फुस खराब झालं ते झालंच, आणि बोटं पुन्हा वाकली.

ती दोष देते भाऊजींना. खाणीची धूळ, त्यांचा जुना खोकला. त्यांच्या तपासणीत काही निघालं नाही, पण बाईला पटत नाही. त्यांची खाट ओसरीवर गेली, ताट वेगळं झालं. आपल्यामुळेच झालं, असं त्यांनाही वाटत असावं.

मी गेले की बाई वाकड्या बोटांत माझा हात धरते. "तू होती म्हणून वाचली व मी." मी हात सोडवून घेत नाही. परवा जेवायच्या वेळी भाऊजी आपलं ताट घेऊन आपणहून बाहेर बसले. मी त्यात भात वाढला आणि आत आले.