कुरवंड्याच्या डोंगरावरचा तांब्या

फेब्रुवारी १९४३, मंगळवार. कुरवंड्याच्या वरचा डोंगर, मॉर्टारचा, म्हणजे उखळी तोफेचा, सराव. माझ्या सेक्शनचे दहा हजर. पैकी इथे तिघांचंच सांगायचं आहे: मी, म्हणजे सेक्शनचा हवालदार; लान्स नायक धोंडू, कुरवंडे गावचा; आणि शिपाई सखाराम, त्याच डोंगरावरच्या वाडीचा.

देहूरोडच्या छावणीतून ट्रकने निघालो, साडेसातला डोंगरावर पोचलो. हजेरी घेताना सखाराम म्हणाला, "साहेब, वहीत लिवा. त्यो धूर दिसतोय न्हवं, ती माजी आय भाकरी भाजतीय."

"सराव संपल्यावर जाऊन ये. वीस मिनिटं."

"लय झाली. जास्त थांबलो तर आय धरून लगीनच लावून देईल."

आठ चाळीसला एक गोळा आखूड, आमच्याजवळच पडला. तुकडा सखारामच्या पोटात घुसला. पट्टी बांधली, वायरलेसवर दवाखान्याची गाडी मागवली. छावणीतून उत्तर आलं:

"गाडी निघाली. एक तास. पाणी देऊ नका. आउट."

हा नियम मीच जवानांना शिकवत असे. पोटाच्या जखमेला पाणी नाही. ऑपरेशनआधी पाणी पोटात गेलं तर माणूस हातचा जातो.

सखाराम पाणी मागत होता. धोंडूने बाटली काढली. मी त्याचा हात धरला.

"त्यो चाललाय, साहेब. डोळं बगा त्याचं."

"नियम आहे."

"नियम लिवनाऱ्याला कदी तहान लागलती का?"

वाडीत बातमी पोचली होती. त्याची आई तांब्या घेऊन धावत आली. जाणाऱ्याच्या तोंडात घरचं पाणी घालायचं, ही वाडीची रीत. मी आडवा उभा राहिलो.

"मावशी, पाण्याने तो दगावेल. गाडी येतेय."

"माजं लेकरू हाय. मला कळतंय." मग हळू आवाजात, "व्हट तरी भिजवू दे, बाबा."

मी नाही म्हणालो. तांब्या तिच्या हातातून घेतला. ती भांडली नाही. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

नऊ पंचवीसला सखाराम गेला. गाडी नऊ पन्नासला आली.

संध्याकाळी छावणीचे डॉक्टर म्हणाले, "नियम बरोबरच आहे. हा मात्र वाचणार नव्हता. ओठ भिजवायला हरकत नव्हती."

नियम माणसाच्या मनावर सोडायचा नसतो, म्हणून तो लिहून ठेवतात. त्या नियमाने पुढे दोघे वाचलेले मी पाहिले. आजही तोच शिकवीन. पण त्या दिवशी धोंडूला आणि त्या बाईला जे न शिकता कळलं, ते मलाही कळत होतं. तिच्या हातातून तांब्या घेताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. नियम खरा, तर ही लाज कसली? आणि लाज खरी, तर मी कुणाचं ऐकायला हवं होतं?

धोंडू पुढल्या वर्षी ब्रह्मदेशच्या लढाईत पडला. त्याचं सामान मी स्वतः कुरवंड्याला पोचवलं. तिथून वाडी अर्ध्या तासावर. वर गेलो नाही.

त्या दिवशी गडबडीत माझ्याकडेच राहिलेला तांब्या अजून माझ्या ट्रंकेत आहे. दर महिन्याच्या कामांच्या यादीत पहिली ओळ तीच असते: सखारामची आई, वाडी, तांब्या परत. बाकीच्या ओळी खोडल्या जातात.