चंपाबाईंचं वगराळं

रिठदच्या फाट्यावर कडुनिंबाखाली पडघानांची पाणपोई लागते. होळी झाली की माणिकराव पडघान बांबू रोवतात, वर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, मांडव घालतात, वाळूत रांजण बसवून त्यांना ओलं पोतं गुंडाळतात. मग त्यांच्या आई चंपाबाई लांब दांड्याचं पितळी वगराळं हातात घेऊन बाजेवर बसतात. मी कनातीतल्या नाटकांतून जन्मभर राजे केले. गावात मला अजून ‘महाराज’ म्हणतात, निम्मे मानाने आणि निम्मे थट्टेने. तलवारी धरल्या, राजदंड धरले. पण चंपाबाई ते वगराळं ज्या दिमाखात धरतात, तसं मला काहीच धरता आलं नाही.

या पाणपोईचा एकच नियम आहे. आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग गाव विचारायचं. आणि पेला हातात द्यायचा, वरून ओंजळीत ओतायचं नाही. त्यामागची गोष्ट चंपाबाई क्वचितच सांगतात. लहानपणी जुन्या गावात त्या आईसोबत विहिरीपासून दूर उभ्या राहत. कोणाला दया आली तर वरून धार पडे. “उभं राहून राहून तहान मरून जाये,” त्या म्हणतात, “मंग पानी भेटे.” दीक्षा झाली, लग्न होऊन त्या रिठदला आल्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी फाट्यावर रांजण मांडला.

धम्मरत्न हा त्यांचा नातू. दांडा त्याच्या उंचीपेक्षा मोठा होता तेव्हापासून तो ते वगराळं चालवायचा. एस.टी. थांबली की हा खिडक्यांखालून पेले घेऊन धावायचा. पुढे पोलिसात लागला, तिथे कोणीतरी त्याला उत्तराखंडात गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणाला पाठवलं, आणि आमच्या सपाट मुलखातल्या पोराला डोंगराचं वेड लागलं. गेल्या वर्षी तो नेपाळात मकालूवर निघाला. जगातलं पाचवं उंच शिखर.

“एव्हरेस्ट काहून नाही बे?” फाट्यावरच्या चहावाल्या गुलाबसिंगने विचारलं.

“मकालू म्हणजे एव्हरेस्टचा चुलतभाऊच समजा, भाऊ.”

“मंग चुलतभावाकडं कायले जातं? घरधन्यालेच भेटून ये ना!”

सगळे हसले. पण त्याच्या पाठीशी सगळेच उभे होते. खात्यातले सोबती, विहारातली मंडळी, शाळेतले गुरुजी, खुद्द गुलाबसिंगसुद्धा. निघताना गळ्यात इतके हार पडले की पोराची मान दिसेना. चंपाबाईंनी त्याला नवा थर्मास दिला. “तिथं बर्फ हाये म्हन्तेत. गरम पानी जवळ ठेवजो.”

मे महिन्यात फोटो आला. बर्फात झेंडा धरलेला धम्मा. फाट्यावर डीजे लागला. माणिकरावांनी ठरवलं की सत्कार मोठ्या मंगल कार्यालयात नको, पाणपोईपाशीच घ्यायचा. शाल-श्रीफळ झालं की धम्माने स्वतः वगराळं घेऊन सगळ्यांना पाणी द्यायचं. सूत्रसंचालन अर्थातच महाराजांकडे. धम्माचं भाषणही मीच लिहून दिलं.

आदल्या दिवशी दुपारी विहाराच्या ओट्यावर मी त्याची तालीम घ्यायला बसलो. त्याच्या उजव्या हाताला पट्ट्या होत्या. थंडीने दोन बोटांची टोकं गेली होती. तो वाचत होता, पण आवाजात जीव नव्हता. मध्येच थांबला.

“काका, हे वाक्य काढून टाका.”

“कोन्तं?”

“‘माणुसकीच्या शिखरावरही रिठदचा झेंडा’ म्हणून लिहिलं ना तुमी, ते.”

“अरे, तेच तर टाळीचं वाक्य हाये!”

“म्हणूनच काढा.”

नट माणसाला दुसऱ्याचा चेहरा वाचता येतो असा माझा समज आहे. पण मला वाटलं, पोरगं लाजतं आहे. मी हसून म्हटलं, “आता मोठा झाला तू, टाळ्यांची सवय कर.” तेव्हा त्याने कागद घडी करून मांडीखाली ठेवला आणि सांगायला लागला.

शिखराच्या खाली एकच दोर लावलेला असतो. प्रत्येकाच्या कमरेची कडी त्या दोरात. तोंडाला प्राणवायूचा मुखवटा, एक पाऊल टाकलं की थांबून श्वास घ्यायचा. दोराच्या एका वळणावर एक माणूस बर्फात बसलेला होता. परदेशी, दुसऱ्या कोणत्या तरी तुकडीतला, मागे राहिलेला. एका हातात मोजा नाही. डोळे उघडे. त्याची कडीही त्याच दोरात अडकवलेली. पुढे जायचं तर आपली कडी काढून, त्याला ओलांडून, पलीकडे अडकवायची.

“म्या त्याच्या खांद्याले हात टेकला, काका. आधार म्हणून. तवा तो बोल्ला. ‘वॉटर.’”

“मग?”

“आजीनं देलेला थर्मास होता ना कोटाच्या आत. गरम पानी होतं.” तो ओट्याच्या फरशीकडे बघत होता. “समोरून शेर्पा हात करून राह्यला, चाल, वारं सुटते म्हणून. म्या त्याले म्हणलो, ‘येताना देतो.’ मराठीत म्हणलो. त्याले काय समजलं असंन?”

मी त्याच्याजवळ सरकलो.

“वर गेलो. फोटो काढला. अन तिथं बसून ते पानी म्याच पेलो. उतरताना तो तसाच बसून होता. डोळे उघडेच. मले पुन्हा त्याले ओलांडा लागलं. पुन्हा त्याच्याच खांद्याले हात टेकला.”

मी त्याला समजावलं. तेवढ्या उंचीवर चालत्या माणसाला स्वतःचा देह सांभाळणं कठीण, बसलेल्याला कोण उचलून आणणार? थांबला असतास तर तुझाही फोटो हार घालून भिंतीवर लागला असता.

“उचलाची गोष्ट कोन करते, काका? तो वाचला नसता, हे मले मालूम हाये. शेर्पा बी तेच सांगे, डॉक्टर बी तेच सांगे. पन पानी? झाकण उघडाले किती वेळ लागते?”

“मग नाही कायले देलं, बापा?”

“वाटलं, याले देलं तर वर मले पुरनार नाही. अन वर नाही पोचलो तर गावाले काय तोंड दाखवू.” त्याने पट्ट्या बांधलेला हात तोंडावर धरला. “त्याचं नाव माहीत नाही मले. गाव बी माहीत नाही. अन उद्या आजी माह्या हातात वगराळं देनार.”

मी त्याला सल्ला दिला, तो प्रेमापोटी दिला. म्हटलं, उद्या हे बोलू नको. आजी थकली आहे, हा तिच्या आयुष्यातला सोहळा आहे. नंतर कधीतरी घरात सांग. आता खाली मान घालून पाणी दे, लोकांना ते नम्रपण वाटेल. रंगमंचावर असे प्रसंग मी किती निभावून नेले! त्याने मान हलवली. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शाल झाली, श्रीफळ झालं, गुरुजी बोलले, सरपंच जरा जास्तच बोलले. मग मी माझ्या जुन्या दरबारी आवाजात पुकारा केला, आणि चंपाबाई बाजेवरून उठल्या. पांढरं पातळ, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी वगराळं नातवापुढे धरलं.

“घे बापा. आज पहिलं पानी तुह्या हातचं.”

धम्माने ते घेतलं. रांजणात बुडवलं. भरलेलं वगराळं वर काढलं आणि तसाच उभा राहिला. पाण्याचे थेंब वाळूत पडत होते. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “अबे, मकालूवर चढला अन पेला भरता येईना काय?” हशा झाला. धम्माने पाणी परत रांजणात ओतलं, आणि ध्वनिक्षेपक न घेताच, आजीकडे बघत, सगळं सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं त्याहून थोडक्यात. मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. पुढच्यांनी मागे सांगितलं, आणि शांतता तशीच रांगेरांगेने मागे सरकत गेली.

चंपाबाईंनी विचारलं, “त्यानं मांगलं होतं?”

“हो.”

“तोंडानं मांगलं?”

“हो, आजी.”

“अन तुह्याजवळ होतं?”

“होतं. गरम होतं.”

त्यांनी हात पुढे केला आणि वगराळं काढून घेतलं. हिसकावलं नाही. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी, तसं सावकाश घेतलं. मग पेला भरून त्यांनी पहिल्या रांगेतल्या माणसाला दिला. मग दुसऱ्याला. लोक निमूट पाणी पीत होते. माणिकराव शाल घडी करत होते, उलगडून पुन्हा घडी करत होते. मागे कोणी पुटपुटलं, “घरी सांगतलं असतं तर काय बिघडलं असतं?” गुलाबसिंगने तारेची पिन उपटली, शेवटी वाजवायला आणलेला डीजे लागूच दिला नाही. मी हातात ध्वनिक्षेपक धरून उभा होतो. त्या दिवशी मला धम्माच्या वागण्यापेक्षा माझ्या सल्ल्याची जास्त लाज वाटली.

यंदाही पाणपोई लागली. धम्माची बदली वाशिमला झाली आहे. सुटीच्या दिवशी येतो. हातपंपावरून पाणी आणतो, रांजण घासतो, पोती ओली करतो. वगराळ्याला हात लावत नाही. कोणी आलं की “आजी, पानी!” अशी हाक मारतो आणि बाजूला होतो. चंपाबाईंनी कधी ‘लाव हात’ म्हटलं नाही, ‘नको लावू’ही म्हटलं नाही.

एप्रिलातल्या एका दुपारी मी गुलाबसिंगकडे चहा घेत होतो. समोर एक माणूस सायकलवर प्लास्टिकच्या बादल्या बांधून आला, सायकल कडुनिंबाला टेकवली आणि मांडवाचा बांबू धरून उभा राहिला. चंपाबाई जरा आडव्या व्हायला रस्त्यापलीकडे घरी गेल्या होत्या.

“आजी, पानी!” धम्माने घराकडे हाक मारली.

“तुमीच द्या ना, दादा,” तो माणूस म्हणाला.

“येऊन राह्यली. येऊनच राह्यली आजी.”

काठी टेकत चंपाबाई निघाल्या. अलीकडे त्यांचा गुडघा चालत नाही. रस्त्याच्या कडेला त्या थांबल्या, एक ट्रक जाऊ दिला, मग रस्ता ओलांडला. तोवर तो माणूस बांबूला धरून खाली बसला होता. गुलाबसिंग पेला घेऊन उठायला लागला होता, पण चंपाबाई पोचल्या.

“काहून बसवून ठेवलं याले?”

“आजी, मी कसा...”

“याले तहान लागली, अन तू याले तुही लाज पाजून राह्यला काय रे?”

त्या बाजेवर बसल्या. वगराळं रांजणावर पडलं होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. धम्माने ते उचललं. बोटांची टोकं नसल्याने दांडा निसटला, अर्धं पाणी त्याच्याच पायांवर सांडलं. त्याने पुन्हा बुडवलं, दोन्ही हातांनी धरलं, पेला भरला आणि खाली वाकून त्या माणसाच्या हातात दिला. त्याने एका दमात संपवला आणि रिकामा पेला पुढे केला. धम्माने पुन्हा भरला.

“आता गाव इचार त्याले,” चंपाबाई म्हणाल्या.

धम्माने विचारलं. खालून उत्तर आलं, “किन्हीराजा.”

“किन्हीराजा,” धम्मा म्हणाला, आणि खाली बघत त्याने ते नाव पुन्हा एकदा उच्चारलं.