गल्लीत एकट्या माझ्याच घरी करंट

“इंजिनियर सार! आम्हाला काळोख, आणि स्वतःच्या घरी ट्यूबलाइट! लाज शिल्लक आहे की तीही वाऱ्याने नेली?”

गोविंदसामी मास्तर ओरडत होते. शाळेतले रिटायर्ड ड्रिल मास्तर. आयुष्यात शिट्टी वापरली नाही, गरजच पडली नाही. मागे अख्खी गल्ली उभी. हे सगळं तमिळमध्ये. मराठीत आणताना निम्मा तिखटपणा सांडला.

मी वीजखात्यात असिस्टंट इंजिनियर. वादळाने तंजावूरचं काय केलं ते सांगतो, पटेल तेवढं घ्या. माझ्या घराची अर्धी कौलं उडाली ती तिरुवैयारूला कावेरीत बुडी मारूनच थांबली असणार. अंगणातला माड ओसरीवर आडवा झाला. शहरात उभा खांब दिसला की आम्ही त्याला हात जोडत होतो.

अशा वेळी आधी हॉस्पिटल, मग पाण्याचे पंप, मग गल्ल्या. त्यातही माझी गल्ली मी मुद्दाम शेवटी ठेवली. इंजिनियरच्या घरी आधी करंट आला की लोक त्याच्या बदलीसाठी अर्ज करतात. याला ऑफिसात प्रामाणिकपणा म्हणतात.

म्हणून मास्तरांचं ऐकून मला हसूच आलं. “मास्तर, ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज माझ्या खिशात आहेत. करंट येणार कुठून?”

“मग तुमच्या हॉलमध्ये काय चंद्र उगवलाय?”

मी मागे वळून बघितलं. दिवेलागणीची वेळ, सगळी गल्ली काळी, आणि माझं घर लग्नघरासारखं झगमगतंय. माझं हसू तिथेच वाळलं.

का ते सांगतो. लाइनमन खांबावर चढण्याआधी त्याला ‘एलसी’ द्यावी लागते. एलसी म्हणजे लाइन क्लिअर: तार मेली आहे, खुशाल हात लाव. ती मीच दिली होती. आमच्या सेल्वमने वर जाऊन टेस्ट लॅम्प लावून बघितला, तेव्हा तार खरोखर मेलेलीच होती. पण वादळाने गल्लीतल्या तारेचे तुकडे केले होते, आणि सेल्वमचा खांब व माझं घर एकाच तुकड्यावर होते. घरात करंट, तर तारेतही करंट. सेल्वमने तार बांधायला हातमोजे काढून कमरेला खोचले होते.

“सेल्वम, हात लावू नको!” मी ओरडलो. पण गल्ली माझ्या नावाने अशी गर्जत होती की माझा आवाज मलाच ऐकू येईना. सेल्वमचा हात तारेकडे निघाला.

मी मास्तरांचा दंड धरला. “मास्तर, ओरडा! तारेत करंट आहे!”

मास्तरांनी छाती भरून घेतली. “सेल्वम! दोन्ही हात वर!”

गल्लीतल्या माडांवर उरलेले नारळही पडले असतील. सेल्वम त्यांचाच विद्यार्थी. दोन्ही हात ताडकन डोक्यावर, आणि गडी सेफ्टी बेल्टवर टांगलेला.

मी घरात धावलो. परसात जनरेटर धडधडत होता, स्वयंपाकघरात ग्राइंडर गरगरत होता. बाजूला माझी आत्या आणि माझा मेहुणा मनोहर, हातात कॉफी. मनोहर बँकेत आहे. आत्याचे भिजवलेले तांदूळ-उडीद आंबायला लागले, म्हणून त्याने मांडववाल्याकडून जनरेटर आणला. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर स्वतः तयार केली. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला. घराला करंट मिळाला. मेन स्विच बंद करायला विसरला, तेव्हा बाहेरच्या तारेलाही मिळाला.

मी जनरेटर बंद केला. अंधारातून आत्याचा आवाज आला, “अरे, पीठ अर्धंच झालंय!”

“आत्या, सेल्वम मेला असता!”

“अगंबाई. उद्या इडलीला यायला सांग त्याला.”

मनोहरची वायर मी जप्त केली आणि त्याला माझी सगळी तमिळ ऐकवली. मेन स्विच पाडला. सेल्वमने तार पुन्हा तपासली, तिला अर्थिंग दिलं आणि मगच जोडली. गल्लीला करंट आला. हिशेबाने मी सर्वांत शेवटी, पण गल्लीच्या मते सर्वांत आधी; माझ्या बदलीचा अर्ज अजून फिरतो आहे. तेव्हापासून एलसी देण्याआधी मी गल्लीत आवाज देतो: कोणाच्या घरी जनरेटर आहे? आणि लगेच दुसरा: कोणाच्या घरी उडीद भिजलेत? खरी माहिती दुसऱ्या प्रश्नाला मिळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इडल्या खाताना मी सेल्वमला विचारलं, “मी खालून तीनदा सांगितलं, जनरेटर बंद झाला, तार मेली. तरी हात वरच का धरून बसलास?”

सेल्वम म्हणाला, “तुम्ही सांगितलंत, सार. मास्तरांनी नाही.”